छातीचं माप, श्वासासकट

मास्तर इतकी वर्षं श्वास रोखून कापड कापत आले होते आणि ही गोष्ट त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हती. कात्री कापडात शिरली की त्यांचा श्वास थांबायचा, बाहीचा गोलवा पुरा करून कात्री बाहेर आली की सुटायचा. तसं पाहिलं तर यात त्यांचं काही चुकत नव्हतं. दुसऱ्याचं कापड एकदा वाकडं कापलं गेलं की ते पुन्हा सरळ होत नाही, आणि ज्याला ही जबाबदारी कळते त्याला कात्री हातात असताना श्वासबीस सुचत नाही. ज्याला सुचतो त्याच्याकडे कोट टाकू नये, असं मास्तरांनी तुम्हाला बजावून सांगितलं असतं. पण त्यासाठी आधी त्यांच्या लक्षात तर यायला हवं होतं.

लक्षात आलं ते एका दुपारी, कोटाची पाठ कापताना. कात्री बाहेर आली, श्वास मात्र सुटला नाही. मास्तरांनी कात्री टेबलावर टाकली, छातीवर हात ठेवला आणि स्टुलावर बसले. मास्तरांच्या हातून कात्री ठेवली जाते, टाकली जात नाही. तो आवाज ऐकताच दाराजवळच्या उजेडात काजं करत बसलेल्या त्यांच्या बायकोने सुई-दोऱ्यासकट कोट खाली टाकला. दुकानात येणारे सगळे तिला काकू म्हणत, तेव्हा आपणही काकूच म्हणू. काज-बटण, तुरपाई आणि गिऱ्हाइकाला गोड बोलून आणखी चार दिवस थांबवणं ही तीन खाती काकूंकडे होती.

बाजाराच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एखाद्याची छाती भरून आली तर ती बातमी किती वेळ चार भिंतींत राहणार? त्यातून या दुकानाची एक भिंत प्लायवुडची होती. तिच्या पलीकडचे घड्याळवाले डोळ्यात भिंग तसंच ठेवून धावत आले, त्या भिंगातूनच मास्तरांना निरखून पाहिलं आणि हा गॅस आहे असं जाहीर केलं. समोरच्या चपलांच्या दुकानदाराच्या मते हा मणक्याचा प्रकार होता, कारण त्याच्या मेव्हण्याला मणक्याचाच निघाला होता. जिन्यातल्या चहावाल्याने सगळा दोष कमी चहाला दिला. मास्तर घाम पुसत सगळ्यांना हो म्हणत होते. काकूंनी मात्र एकाचंही ऐकलं नाही. मास्तरांना हाताला धरून जिना उतरवला आणि त्या थेट डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टरांनी वायरी लावल्या, कागदावरच्या रेघा पाहिल्या आणि हृदय ठणठणीत आहे म्हणाले. काकूंचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच ते पुढे म्हणाले, मास्तर, तुम्ही श्वासच घेत नाही. म्हणजे पुरता घेत नाही. हे मास्तरांना फार लागलं. स्वतःच्या पायांनी दवाखान्याची पायरी चढून आलेल्या माणसाला तुम्ही श्वास घेत नाही म्हणायचं, म्हणजे काय? डॉक्टर म्हणाले, थोडा योग करा, प्राणायाम शिका, स्वतःची काळजी घ्या, स्वतःवर जरा प्रेम करा. काळजी हा शब्द आल्याबरोबर मास्तरांनी काकूंकडे पाहिलं, कारण ते खातंही तिच्याकडेच होतं.

काकूंनी धसका घेतला होता. हा माणूस एक दिवस कुणाच्या तरी कोटावर पडून जाईल, अशी भीती त्यांच्या मनात बसली होती. त्याहून वाईट म्हणजे तो कोट वेळेवर पुरा करून द्यायला आपणच बसू, हेही त्यांना दिसत होतं. तेव्हा पलीकडच्या गल्लीत योगाचा वर्ग घेणाऱ्या बाईंकडे त्यांनी मास्तरांचं नाव परस्पर घालून टाकलं आणि सांगितलं, वर्गाला जायचं, नाहीतर दुकानाला कुलूप. किल्ली त्यांच्याच कमरेला असायची, त्यामुळे चर्चेला फारसा वाव राहिला नाही.

योगाच्या बाई पूर्वी नर्स होत्या. शांतपणे बोलायच्या, पण एकदा झोप म्हटलं की माणूस झोपायचा. मास्तरांची पंचाईत वेगळीच होती. ताडासनात हात वर करून सगळे उभे राहिले की त्यांना आजूबाजूला नुसते उसवलेले काखेचे टाके दिसायचे. शवासनात डोळे मिटायला सांगितलं की ते मिटायचे, पण मिटता मिटता शेजारच्या माणसाच्या पँटचा एक पाय आखूड असल्याचं पाहून घ्यायचे आणि मग त्यांना शांती लाभायची नाही. तरी पण हळूहळू जमू लागलं. एक हात छातीवर, एक पोटावर, नाकाने श्वास आत, पोट वर, सावकाश बाहेर. तोंडात टाचण्या धरून आयुष्य काढलेल्या माणसाला नाकाने श्वास घेण्याची निदान सवय तरी होती.

मग बाईंनी पुढचा धडा दिला. रोज सकाळी आरशासमोर उभं राहायचं, श्वास संथ करायचा आणि स्वतःशी दोन गोड शब्द बोलायचे. आता गोड शब्द ही मास्तरांच्या दुकानात न मिळणारी वस्तू होती. काकूंनी एवढ्या वर्षांत हजारो काजं केली, एकेक काज असं की बघत राहावं, पण मास्तर ते उजेडात धरून पाहायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे, चालेल." याच्या वरचं कौतुक त्यांनी कुणाचं केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. नेमकं काय बोलायचं असतं, असं त्यांनी बाईंना विचारलं. आपल्या माणसाला जे म्हणाल ते, बाई म्हणाल्या. मास्तर त्यावर वर्ग संपेपर्यंत विचार करत राहिले.

पूर्ण उंचीचा आरसा घरी नव्हता, दुकानातल्या ट्रायल रूममध्ये होता. ट्रायल रूम म्हणजे एक कोपरा आणि त्याला पडदा. मास्तर रोज दुकान उघडलं की त्या पडद्याआड जाऊ लागले. पहिल्या दिवशी आरशात पाहिलं तर त्यांना माणूस दिसलाच नाही, शर्ट दिसला. मास्तर स्वतःसाठी कधी शर्ट शिवत नसत. शिवून तयार असलेले आणि गिऱ्हाईक न्यायला न आलेले शर्ट वर्षभर वाट पाहून ते स्वतः घालत. त्यामुळे कधी खांदे कोपराकडे निघालेले असत, तर कधी मनगटं उघडी. गावातल्या उत्तम टेलरच्या अंगावर गावातला सगळ्यात वाईट बसलेला शर्ट असे आणि याचं कुणाला काही वाटत नसे, मास्तरांना तर मुळीच नाही. अशा दुसऱ्याच्या शर्टातल्या माणसाला काय गोड बोलणार? त्यांनी कॉलर तेवढी नीट केली आणि भ्रामरीकडे वळले.

भ्रामरी म्हणजे कान बंद करून, ओठ मिटून भुंग्यासारखा आवाज काढायचा. मास्तरांचा आवाज मुळात जाड. तो प्लायवुडला लागला आणि पलीकडे घड्याळवाल्यांचे बारीक स्क्रू बशीत थरथरायला लागले. त्यांनी दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या मशीनची मोटर जळायला आली आहे, असं इमारतीच्या व्यवस्थापकांना कळवलं. शेजारधर्म म्हणून कळवलं, आधी मास्तरांना विचारावं एवढं मात्र सुचलं नाही. व्यवस्थापकांनी वायरमन पाठवला. वायरमनने दोन्ही मशीन उघडल्या, दोन्हींत काही सापडलं नाही, आणि काही सापडत नाही म्हणजे दोष आतला आहे असं सांगून एक मोटर तपासणीसाठी घेऊन गेला. आवाज मी काढत होतो, हे मास्तरांच्या ओठांवर आलं होतं. पण प्रौढ माणसाने चारचौघांत सांगावी अशी ती गोष्ट नव्हती. मोटर परत आणायला गेले तर वायरमनला व्यवस्थापकांची सही हवी होती आणि व्यवस्थापक रजेवर होते. रजा किती दिवसांची, ते तेच आल्यावर सांगणार होते.

आणि हे सगळं कधी, तर अग्निशमन दलाच्या बँडपथकाचे कोट शिवायला घेतले होते तेव्हा. एवढं मोठं काम मास्तरांकडे पहिल्यांदाच आलं होतं. नव्या बागेच्या उद्घाटनाला ते पथक वाजवणार होतं, सारं गाव बघणार होतं. मास्तरांचं माप चुकत नाही, या एका वाक्यावर मास्तर एवढी वर्षं जगले होते. आता ते वाक्य बागेत सर्वांसमोर उभं राहणार होतं. एका मशीनवर का होईना, ते रात्रंदिवस राबले. श्वासही नेमाने घेत होते, कारण काकू अधूनमधून मान वर करून पाहत असत.

गोड शब्दही एकदाचे सुचले. त्या सकाळी बँकेचा दारवान लवकर येऊन पडद्याबाहेर स्टुलावर बसला होता. हा धिप्पाड गडी, पण पँट सैल करायला आणताना चोरीचा माल आणल्यासारखा पिशवीत लपवून आणायचा. पडद्याआडून आवाज आला, "तसा बरा आहेस तू. काम चांगलं करतोस. सारखं स्वतःला घालूनपाडून बोलू नकोस." मास्तर बाहेर आले तर दारवानाचे डोळे भरलेले. घरात कुणी आपल्याशी असं बोलत नाही, म्हणाला. तो गैरसमज मोडायचा तर सत्य सांगावं लागलं असतं आणि सत्य फारच लाजिरवाणं होतं. मग मास्तरांनी नवी पँट शिवायला त्याचं माप घेतलं, जरा जास्तच मायेने.

ही माया कशी नडली ते सांगायला हवं. टेपसमोर कुठलाच माणूस खरा वागत नाही. पोट आत ओढतो, श्वास धरतो, चार क्षण तरणाबांड होतो. कोण किती चोरतो ते मास्तरांना नजरेनेच कळायचं आणि तेवढं सैल ते मनातल्या मनात धरायचे. सगळी कला त्यात होती. पण अलीकडे माप घेताना ते चांगल्या विद्यार्थ्यासारखे नाकाने दीर्घ श्वास घेत होते. समोरचा माणूसही मग नकळत छातीभर श्वास घ्यायचा. टेप त्या फुगलेल्या छातीवरून फिरायची आणि मास्तर सवयीने वर आणखी सैल धरायचे. बँडवाल्यांची मापं याच दिवसांत घेतली होती. ते तर फुंकून पोट भरणारे लोक, त्यांनी घेतलेला श्वास तो काय थोडा असणार?

आधी शाळेतले एक सर आले. कोटाच्या आत आणखी एक कोट मावेल, असं म्हणाले. मग दारवान आला. बँकेच्या दारात तो दोन्ही हातांनी पँट धरून उभा होता आणि साहेबांची गाडी आली तेव्हा सलाम करावा की अब्रू राखावी, असा प्रश्न त्याला पडला होता. मास्तर हादरले. आधी म्हणाले, हल्ली लोक बारीक होतात. मग टेपवर संशय घेतला आणि घड्याळवाल्यांच्या पोलादी पट्टीशी ती ताडून पाहिली. टेप खरी निघाली. तेव्हा त्यांनी दारवानाला पुन्हा उभं केलं, टेप लावली, आणि काज करता करता काकू बघत राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही श्वास घेतलात की तोही घेतोय."

मास्तरांनी श्वास सोडला. दारवानाने सोडला. टेप सैल होऊन कमरेवर आली.

दारवान गेल्यावर मास्तर भिंतीशी ओळीने टांगलेल्या बँडच्या कोटांकडे बघत बसले. सोनेरी बटणं लावून झाली होती. लाल पट्ट्या काकूंनी हाताने शिवल्या होत्या. मास्तरांचा चेहरा असा पडला की काकूंना बघवेना. उद्यापासून योग बंद, ते म्हणाले. आपल्याला परवडणारी गोष्ट नाही ती. एवढी वर्षं श्वासावाचून नाव कमावलं आणि घ्यायला लागलो तर नाव गेलं.

काकूंनी सुई कापडात टोचून ठेवली. "कोट उसवता येतो. परत शिवता येतो. तुम्हाला काही झालं तर मी कुठून उसवू आणि कुठून शिवू?"

मास्तर उठले आणि पहिला कोट उसवायला घेतला. दुसऱ्या दिवशी वर्गाला गेले नाहीत. ओठ घट्ट मिटून, मान खाली घालून टाके काढत राहिले आणि मध्येच छाती चोळत राहिले. काकू ते बघत होत्या. त्या एवढ्या घाबरल्या होत्या की रागवायचंही त्यांच्याने होईना.

दुपारी जिन्यात बुटांचा आवाज झाला. बँडपथक ठरल्याच्या आधीच आलं होतं, सरावावरून परस्पर, वाद्यं गळ्यात घेऊन. मास्तरांनी अजून थोडे दिवस मागून पाहिले, पण पथकप्रमुखांनी तोवर भिंतीवरचा आपला कोट काढून अंगात घातलासुद्धा होता. बाकीच्यांनीही घातले, टेबलावर उसवून पडलेला एका ढोलवाल्याचा तेवढा राहिला. दुकानात खाकी आणि सोनेरी रंगाची गर्दी झाली आणि त्या गर्दीत एकही कोट कुणाला बसलेला नव्हता. झांजवाल्याचे हात बाहीत हरवले होते, झांजा बाहीतूनच निघाल्यासारख्या वाटत होत्या. पथकप्रमुखांनी आरशात पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. मास्तर टेबलाची कड धरून उभे राहिले. आता पुढे काय बोललं जाणार ते त्यांना ठाऊक होतं.

"एकदा वाजवून बघा की," काकू म्हणाल्या.

हे त्यांना कसं सुचलं ते त्यांनाही पुढे सांगता आलं नाही. कदाचित त्यांना फक्त वेळ काढायचा असेल, खातंच होतं ते त्यांचं. पथकप्रमुखांनी खांदे उडवले आणि हात वर केला. ट्रम्पेटवाल्यांनी छाती भरून घेतली, गळ्यात मोठं भोंगं अडकवलेल्या गड्याने घेतली, क्लॅरिनेटवाल्याने घेतली, आणि भरता भरता कोटही भरले. पाठ ताठ झाली, खांदे जागेवर आले, बटणं ओळीत उभी राहिली. मग त्या चिंचोळ्या दुकानात असा काही नाद झाला की पलीकडे घड्याळवाल्यांनी दुकानाची फळी ओढली. वरच्या सुरावर तर कोट असे बसले होते की मास्तर छाती चोळायचं विसरले.

पथकप्रमुख मोठ्याने हसले. जुन्या कोटांत या सुराला कुणाचं तरी बटण उडायचंच, म्हणाले. एकदा तर ते समोर बसलेल्या पाहुण्यांच्या चहात पडलं होतं. त्यामुळे सगळं पथक हा सूर जरा हात राखून वाजवायचं. कोट घालून नुसतं उभं कोण राहतं, आम्हाला वाजवायचं असतं. एवढ्या वर्षांत हे एका टेलरच्या लक्षात आलं नाही, तुमच्या कसं आलं? मास्तर प्रामाणिक माणूस, खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात काकूंचं कोपर लागलं. तेव्हा ते म्हणाले, योगाच्या वर्गात शिकलो. तेही खोटं नव्हतं. झांजवाल्याचा आणि ढोलवाल्यांचे कोट मात्र आवळावे लागणार होते, कारण त्यांना फुंकायचं काही नव्हतं. ते त्यांनी ठेवून घेतले. बाकीचे वाजत वाजत जिना उतरले.

दुकान शांत झालं. मास्तर कात्री शोधू लागले, तर ती काकूंनी उचलून ठेवली होती. त्यांनी माळ्यावरून कागदात गुंडाळलेला एक तुकडा काढला. पांढऱ्यावर बारीक निळी रेघ असलेलं, हाताला पाण्यासारखं लागणारं कापड. कधीकाळी मास्तर ते फार वेळ हातात धरून बसले होते आणि मग कुणाला तरी शोभेल म्हणून परत गुंडाळून ठेवलं होतं. काकूंनी गळ्यात टेप घातली आणि पडदा सरकवला.

"या. सरळ उभे राहा."

मास्तर म्हणाले, कशाला उगीच. मग म्हणाले, आवळायचं काम पडलंय. मग उभे राहिले. स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही, हात खाली सोडावे लागतात. एवढी वर्षं कुणासमोर असं हात खाली सोडून उभं राहायला त्यांना सवडच झाली नव्हती. काकूंनी खांद्यापासून खांद्यापर्यंत टेप धरली, बाही मोजली, आणि मग दोन्ही हात त्यांच्या पाठीमागे नेऊन टेप छातीभोवती आणली. गावातल्या कुठल्याही माणसाप्रमाणे मास्तरांनी पोट आत ओढलं आणि श्वास धरला.

"सोडा," काकू म्हणाल्या.

त्यांनी सोडला. टेप सैल झाली.

"आता घ्या. पुरता."

त्यांनी घेतला. टेप ताणली गेली. काकूंनी तो आकडा बोटाने धरून ठेवला, मास्तरांना वरपासून खालपर्यंत उजेडात पाहावं तसं पाहिलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे, चालेल."

मास्तरांना हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं. ते शब्द किती गोड असू शकतात याची त्यांना कल्पना नव्हती. इतकी वर्षं आपण तिला हेच म्हणत होतो, आणि तिला ते गोडच लागत होते की काय, असंही त्यांच्या मनात आलं. त्यांनी आरशात पाहिलं. समोर दुसऱ्याचा शर्ट घातलेला एक माणूस उभा होता आणि त्याच्याभोवती टेप धरून त्याची बायको.

मग त्यांनी कापड टेबलावर पसरलं, उलट्या बाजूने खडूने रेघा मारल्या आणि कात्री घेतली. कात्री कापडात शिरली. काकू हातातलं काज थांबवून ऐकत होत्या. श्वास आत गेला, सावकाश बाहेर आला, आणि त्याच्याबरोबर कात्री बाहीच्या गोलव्यावरून संथ वळत गेली.

घड्याळवाल्यांनी फळी उघडून आत डोकावलं. वादळ सरलं का, त्यांनी विचारलं. मग टेबलावर पाहून म्हणाले, "मास्तर, झकास कापड आहे. कुणाचं?"

"आहे एक जुनं गिऱ्हाईक," मास्तर कापता कापताच म्हणाले. "माप द्यायला कधी आलंच नव्हतं."